रात्रीचा मोबाईल आणि दिवसाचा अभ्यास

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली या दोन शहरांदरम्यान झाले. त्या वेळी हे यंत्र म्हणजे मोठे उद्योजक आणि मंत्रिमहोदय यांचीच मिरास होती. पुढे दोन दशके ते हळूहळू खाली झिरपत राहिले आणि २०१६ नंतर इंटरनेटचे दर एकदम उतरल्यावर त्याने गावोगावच्या एस. टी. थांब्यापर्यंत मजल मारली. आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, निकाल आणि प्राध्यापकांनी दिलेली टिपणे ही सर्व त्याच्या खिशातील याच यंत्रातून येतात. अशा परिस्थितीत ‘विद्यार्थ्यांनी मोबाईल वापरू नये’ असा उपदेश करणे व्यवहार्य नाही आणि न्याय्यही नाही. शासनानेच ज्या साधनातून सेवा द्यावयाच्या, त्याच साधनाला अपराधी ठरवावयाचे, हे विसंगत होईल.

प्रश्न वापर किती, हा आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न वापर केव्हा, हा आहे. दिवसा वाया गेलेला तास विद्यार्थ्यास निदान जाणवतो. रात्री अकरा ते दोन या वेळात गेलेले तास मात्र झोपेच्या खात्यातून वजा होतात आणि त्यांची भरपाई दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात, स्मरणात आणि अखेर गुणपत्रिकेत करावी लागते. विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संदर्भात या देवघेवीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

झोप कशी येते?

झोप म्हणजे शरीराचे निव्वळ थांबणे, अशी समजूत पूर्वी होती. १९५३ साली युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन या शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी झोपेत डोळ्यांच्या जलद हालचाली होत असलेली एक स्वतंत्र अवस्था असते, हे दाखवून दिले आणि निद्रावस्थेतही मेंदू मोठ्या प्रमाणावर कार्यरत असतो, हे मान्य झाले. त्यानंतर १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने झोपेचे नियमन दोन स्वतंत्र यंत्रणांनी होते, असा सिद्धांत मांडला. आजही निद्राविज्ञानाची मांडणी बहुतांशी याच पायावर केली जाते.

यांपैकी पहिली यंत्रणा भुकेसारखी आहे. माणूस जितका वेळ जागा राहील, तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे डोळे जड होतात. चहा-कॉफीतील कॅफीन हे अ‍ॅडेनोसिनची जागा अडविते. झोप कमी करीत नाही, केवळ तिची हाक ऐकू येऊ देत नाही. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात. रात्री दहा वाजता टपरीवर घेतलेला चहा पहाटेपर्यंत अंगात का राहतो, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरी यंत्रणा घड्याळाची आहे. मेंदूच्या तळाशी असलेले पेशींचे एक लहानसे केंद्र सुमारे २४ तासांचे चक्र चालविते. या घड्याळाची पेशीतील रचना फळमाशीवर अभ्यासून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक देण्यात आले. अंधार पडू लागला की हे घड्याळ मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवण्याचा आदेश देते आणि शरीर रात्रीची तयारी करू लागते. घड्याळ लावण्याचे काम प्रकाश करतो. आपल्या डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत. त्या आकृती ओळखत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मेंदूच्या घड्याळास कळवितात. निळसर प्रकाशास त्या विशेष संवेदनशील असतात आणि मोबाईलच्या पडद्यावरील प्रकाशात हा निळा अंश भरपूर असतो.

येथे पालक आणि शिक्षक यांनी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. घड्याळाची ही चाल वयानुसार बदलते. पौगंडावस्थेत झोपेची नैसर्गिक वेळ पुढे पुढे सरकते आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास ती सर्वांत उशिराची असते. त्यानंतर पुन्हा मागे येऊ लागते. तेव्हा वीस वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही, म्हणजे तो आळशी किंवा बिघडलेला आहे, असे नव्हे. त्याचे वयच त्याला जागे ठेवते. मात्र ज्या वयात घड्याळ आधीच मागे पडलेले असते, त्याच वयात मोबाईल त्याला आणखी मागे ढकलतो, ही खरी अडचण आहे.

रात्रीचे पाठांतर

वाचलेले लक्षात राहण्यासाठी झोप लागते, ही गोष्ट नवी नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या त्यांच्याकडून पाठ करून घेतल्या आणि काही तासांनी पुन्हा विचारल्या. मधला काळ झोपेत गेला असता जितके आठवले, त्या मानाने तितकाच काळ जागेपणी गेला असता फारच थोडे आठवले. केवळ दोन विद्यार्थ्यांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील शंभर वर्षांत निरनिराळ्या मार्गांनी पुनःपुन्हा पुढे आला आहे.

याचे कारण असे सांगितले जाते, की दिवसभरात शिकलेल्या गोष्टी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरत्या नोंदविल्या जातात आणि गाढ झोपेत त्यांची उजळणी होऊन त्या मेंदूच्या बाह्यस्तरात कायमच्या मुरतात. तलाठ्याने दिवसभर कच्च्या वहीत टिपलेल्या नोंदी रात्री पक्क्या दप्तरात चढवाव्यात, तसाच हा प्रकार आहे. झोपेची एक फेरी सुमारे ९० मिनिटांची असते आणि रात्रीतून अशा चार-पाच फेऱ्या होतात. पूर्वरात्रीच्या फेऱ्यांत गाढ झोप अधिक, तर पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप अधिक असते. दोन वाजता झोपून सहाला गजराने उठणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तररात्रीची झोप जवळजवळ संपूर्ण बुडते. त्याचा तोटा केवळ चार तासांच्या झोपेचा नसून, झोपेच्या एका संपूर्ण प्रकारचा असतो.

१८ ते २५ या वयोगटासाठी रोज ७ ते ९ तास झोपेची शिफारस अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या समितीमार्फत केली. ‘मला पाच तास पुरतात’ असे सांगणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतात. अशांसाठी २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. निरोगी प्रौढांच्या काही गटांना सलग १४ दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू देण्यात आले. त्यांची एकाग्रता दिवसागणिक घसरत गेली आणि अखेरीस एक ते दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. तथापि त्यांना स्वतःला जाणवणारी पेंग पहिल्या काही दिवसांनंतर फारशी वाढली नाही. आपली क्षमता किती कमी झाली आहे, याची बहुतेकांना कल्पनाच नव्हती. झोपेच्या तुटीचा हा सर्वांत फसवा भाग होय. कारण ज्याला तूट जाणवत नाही, तो ती भरून काढण्याचा विचारही करीत नाही.

गुणांचा हिशोब

आता प्रत्यक्ष परीक्षेतील यशाकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत रसायनशास्त्राच्या एका प्रास्ताविक वर्गातील शंभर विद्यार्थ्यांना सत्रभर मनगटावर झोप मोजणारे यंत्र बांधण्यास देण्यात आले आणि त्यांपैकी ८८ जणांची माहिती तपासण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत गुणांतील तफावतीपैकी सुमारे २५ टक्के तफावतीचा संबंध झोपेचा कालावधी, तिची गुणवत्ता आणि तिचा नियमितपणा या तीन गोष्टींशी आढळून आला. याहूनही लक्षणीय निष्कर्ष असा, की परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा त्या परीक्षेतील गुणांशी विशेष संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेशी. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘आज लवकर झोप हं’ असे सांगणाऱ्या मातापित्यांचा सल्ला चुकीचा नाही, परंतु फार उशिराचा आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन विद्यापीठांतील प्रथम वर्षाचे ६०० हून अधिक विद्यार्थी होते. त्यांची सरासरी झोप साडेसहा तासांच्या आसपास होती. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप दररोज एका तासाने कमी असल्यास सत्राअखेरची श्रेणी चारपैकी ०.०७ गुणांनी कमी आढळली आणि सहा तासांखाली घसरण अधिक ठळक होती. ०.०७ हा आकडा दिसावयास किरकोळ आहे. तथापि या अभ्यासात विद्यार्थ्यांची पूर्वीची गुणवत्ताही हिशोबात धरलेली होती, हे विसरून चालणार नाही. म्हणजे हुशार विद्यार्थी अधिक झोपतात आणि कच्चे कमी, एवढ्यावर या फरकाचा उलगडा होत नाही.

ही उदाहरणे परदेशातील आहेत आणि तेथील वसतिगृहे व आपली वसतिगृहे यांत अंतर आहे, हे खरे. तथापि मेंदूचे घड्याळ बोस्टनमध्ये एक आणि बार्शीत दुसरे, असे काही नसते.

दोष प्रकाशाचा की वेळेचा?

गेली काही वर्षे ‘निळा प्रकाश’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. पडदा पिवळसर करणारी सोय मोबाईलमध्ये आहे, खास चष्मेही विकले जातात आणि ते घेतले की प्रश्न सुटला, असा समज दिसतो. त्याची छाननी आवश्यक आहे.

या विषयावरील सर्वांत गाजलेला प्रयोग हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयातील संशोधकांचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. बारा तरुणांनी पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचले आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तक वाचले. पडद्याच्या रात्री मेलॅटोनिनचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, शरीराचे घड्याळ दीड तास मागे पडले आणि झोप लागण्यास सरासरी दहा मिनिटे अधिक लागली. घड्याळ दीड तास मागे पडणे ही गंभीर बाब आहे, यात शंका नाही. परंतु या प्रयोगात पडदा पूर्ण तेजाचा होता, खोली अंधुक होती, वाचन सलग चार तास होते आणि दिवे दहाला बंद होत असत. एवढे करूनही झोप दहाच मिनिटे लांबली. आमच्या वसतिगृहांतील विद्यार्थी मात्र दहा मिनिटे उशिरा झोपत नाही. दोन-तीन तास उशिरा झोपतो. मग हे उरलेले तास कोठे गेले?

ते कोणत्याही प्रकाशाने नेलेले नाहीत. विद्यार्थी जागा राहिला, कारण तो मोबाईल पाहत होता. इतके साधे उत्तर आहे. झोपेची इच्छा असून, बाहेरचे कोणतेही कारण नसताना झोपणे लांबणीवर टाकण्याच्या या वृत्तीस नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी २०१४ मध्ये ‘निद्राविलंब’ अशा अर्थाचे नाव दिले. दिवसभर व्याख्याने, प्रवास, घरकाम किंवा नोकरी यांत गेलेल्या तरुणास रात्रीचे दोन तासच काय ते आपले वाटतात आणि ते सोडवत नाहीत, हे मानवी स्वभावास धरून आहे.

जागरण हे काही मोबाईलने जन्मास घातलेले नाही. गणेशोत्सवातील रात्री, भजनाचा फड, तमाशा, कोजागिरी आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे ‘नाइट मारणे’ हे सर्व आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा विद्यार्थी असताना वसतिगृहात पत्त्यांचे डाव पहाटेपर्यंत रंगत. परंतु डाव संपत असे, तमाशाची भैरवी होत असे, पुस्तकाचे प्रकरण तरी संपत असे. मोबाईलवरील दृश्यांच्या मालिकेस असा शेवट ठेवलेलाच नाही. २००६ च्या सुमारास पान न संपता खाली वाढतच जाण्याची युक्ती निघाली, पुढे एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोय आली आणि ‘आता पुरे’ असे म्हणण्यासाठी जो क्षण लागतो, तोच नाहीसा झाला. हे यंत्र बनविणाऱ्यांचे उत्पन्न आपण किती वेळ पाहतो यावर अवलंबून असते. वीस वर्षांच्या मुलाची इच्छाशक्ती कमी पडते, असे म्हणताना समोरच्या पारड्यात काय आहे, तेही पाहावे.

यावरून उपायाची दिशाही ठरते. चष्मा किंवा पिवळा पडदा यांवर विसंबून विद्यार्थी रात्री दोनपर्यंत निश्चिंत मनाने पाहत बसणार असेल, तर त्या सोयीने हितापेक्षा अहितच अधिक होईल.

व्यसन हा शब्द जपून

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तीत खेळांच्या अनिवार आसक्तीस विकार म्हणून स्थान देण्यात आले. ‘मोबाईलचे व्यसन’ या नावाचा विकार मात्र तीत नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये तयार केलेली प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. ती धोक्याची सूचना देते. रोगाचे निदान करीत नाही. त्यामुळे शिक्षकांनी भर वर्गात एखाद्या विद्यार्थ्यास व्यसनी म्हणणे सर्वथा टाळावे. ज्यांचा वापर खरोखरच हाताबाहेर गेला आहे, अशांसाठी बेंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू केले. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेमार्फत १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. या क्रमांकाची पाटी प्रत्येक वसतिगृहात लावलेली असावी.

आणखी एक सावधगिरी हवी. मोबाईल पाहतो म्हणून झोप येत नाही, की झोप येत नाही म्हणून मोबाईल पाहतो? दोन्ही घडते. घरच्या कर्जाची, शुल्काची, प्रेमभंगाची अथवा स्पर्धा परीक्षेतील अपयशाची चिंता ज्याला जागवते, त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतल्याने त्यास झोप लागेल, असे नाही. रात्रपाळी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची झोप मोबाईलने नव्हे, परिस्थितीने घेतलेली असते. गुण कमी दिसताच मोबाईलकडे बोट दाखविण्याची सवय लागली, तर असे विद्यार्थी आपल्या नजरेतून निसटतील.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे, तर मुलींपैकी अवघ्या १९.८ टक्के मुलींकडे स्वतःचा फोन होता. हा वयोगट आज महाविद्यालयांत आलेला आहे. ज्या घरात एकच फोन आहे, तेथे तो वडिलांच्या, मग भावाच्या हातून फिरत फिरत स्वयंपाकपाणी आटोपल्यावर मुलीच्या हाती येतो आणि तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. व्याख्यानाची चित्रफीत तिने त्याच वेळी पाहावयाची असते. तिच्या जागरणास ‘अतिवापर’ म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच संस्थेच्या २०२४ च्या अहवालात मात्र फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याची नोंद आहे. अभ्यासाचे निमित्त आणि करमणुकीचा ओघ एकाच पडद्यावर असल्याचे हे चिन्ह समजावे.

संस्थांचा वाटा

विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी आपण चालवीत असलेल्या व्यवस्थेकडे पाहणे उचित ठरेल. आमच्या अनेक महाविद्यालयांत सकाळी सात किंवा साडेसातला पहिली तासिका असते आणि त्याच महाविद्यालयाच्या सूचना रात्री दहा-अकराला गटावर येऊन पडतात. प्रकल्प सादर करण्याची मुदत ‘रात्री ११ वाजून ५९ मिनिटे’ अशी ठेवण्याची प्रथा तर सर्वत्र रूढ झाली आहे. ही वेळ कोणी विचारपूर्वक ठरविली असेल, असे वाटत नाही; संगणकाच्या तारखेचा तो सोयीचा शेवट आहे, इतकेच. परंतु त्यामुळे वर्गातील साठ विद्यार्थी मध्यरात्रीपर्यंत मोबाईल हाती धरून बसतात आणि तो खाली ठेवण्याचे निमित्तही आपणच काढून घेतो. मुदत सायंकाळी सहाची ठेवण्यास कोणत्याही परिपत्रकाची किंवा अनुदानाची आवश्यकता नाही.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या इंटरनेट जोडणीच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी आठच्या व्याख्यानांची उपस्थिती नंतरच्या व्याख्यानांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होती आणि जे येत, ते झोप मोडून येत. महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचेच कारण होते. महाविद्यालयांबाबत असा सरसकट निर्णय सोपा नाही. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, विद्यार्थी दुपारनंतर कामावर जातात, एस. टी. च्या फेऱ्या ठरलेल्या असतात. तरीदेखील प्रथम वर्षाचे अवघड विषय पहिल्या तासिकेत न ठेवणे प्राचार्यांच्या अधिकारात आहे.

गावाने लावलेला भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ साली जे केले, ते बहुतेक वाचकांच्या कानावर आले असेल. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, हे पाहून स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस महिलांची सभा भरली आणि भोंगा बसविण्याचे ठरले. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद होतात, मुले अभ्यासास बसतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत ही शांतता पाळली जाते. आरंभी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर फिरून लोकांची समजूत घातली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदी घालणारा ठराव केला.

या दोन मार्गांपैकी पहिला आम्हास अधिक टिकाऊ वाटतो. त्यात बंदी मुलांवर नाही, वेळेवर आहे. आणि ती आईवडिलांनाही लागू आहे. बाप पडद्यात डोके घालून बसला असता मुलाने पुस्तकात घालावे, ही अपेक्षा कोणत्याही ठरावाने पुरी होत नाही. शिवाय विद्यापीठात शिकणारा तरुण सज्ञान असतो. त्याच्यावर अशी बंदी लागू होणार नाही, त्याची संमतीच मिळवावी लागेल. मात्र वडगावचा भोंगा अभ्यासासाठी आहे, झोपेसाठी नव्हे. साडेआठनंतरची रात्र प्रत्येकाच्या स्वाधीन राहते.

रात्रीसाठी अनुभवास उतरलेला सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा आहे. मोबाईल उशाशी न ठेवता हात पुरणार नाही अशा जागी, शक्य तर खोलीबाहेर, भारित करण्यास लावावा. ‘गजरासाठी उशाशी लागतो’ ही सबब चावीच्या किंवा सेलच्या घड्याळाने मिटते. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर कुलपाचे कप्पे आणि त्यांत विजेची जोडणी करून देणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. मात्र ते ऐच्छिक असावे. रात्री घरी काही अडचण उद्‌भवल्यास संपर्क कसा होणार, ही मुलींच्या पालकांची चिंता रास्त असल्याने अधीक्षकांचा दूरध्वनी रात्रभर सुरू राहील, याची हमी द्यावी. ग्रामपंचायतींनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी चालविलेल्या अभ्यासिका सध्या गावोगाव दिसतात. अभ्यासिका चोवीस तास उघडी असणे हे भूषण मानले जाते. रात्री अकराला ती बंद करणे हे विद्यार्थ्यांच्या अधिक हिताचे आहे. ज्यांच्या घरात एकच खोली आहे, अशांसाठी पहाटे पाचला ती उघडावी. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तासाभरापेक्षा अधिक बदलू नये. दुपारी झोपावयाचे, तर अर्ध्या तासाहून अधिक नको, अन्यथा रात्रीचा दाब कमी होतो.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे दरवर्षी दत्तक गावांत भरतात. यातील सर्व गोष्टी पडताळून पाहण्यास शिबिरासारखी दुसरी जागा नाही. प्रत्येक स्वयंसेवकास एक कागद द्यावा. त्यावर रोज सकाळी चारच नोंदी करावयाच्या: अंथरुणास पाठ केव्हा टेकली, मोबाईल शेवटचा केव्हा पाहिला, जाग केव्हा आली आणि आदल्या दिवशी फोनने स्वतः मोजलेला वापर किती. शिबिराच्या आधीचा आठवडा आणि शिबिराचा आठवडा, अशा दोन आठवड्यांच्या नोंदी हाती आल्या, की त्या नावे गाळून फलकावर शेजारी शेजारी लावाव्यात आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी स्वतःचाही कागद त्यांतच लावावा.